उभं टांगलेलं जाळं

बहिणीच्या पत्राला मी अकरा आठवडे उत्तर दिलं नाही. पत्रं टाळायची माझी सवय नाही. उलट गावात कुणाला कागदावर काही मांडायचं असलं की तो माझ्याकडेच येतो. म्हणूनच ही गोष्ट सांगताना जड जातं. नीट सांगता येईल की नाही, तेही ठाऊक नाही.

पत्र आलं तेव्हा मी जाळ्यांच्या शेडमध्ये बसलो होतो. शेड म्हणजे सहा खांब, वर पत्रे, खाली सिमेंटची जमीन. तिथे मी फाटलेली जाळी दुरुस्त करतो. लहानपणी बापाने मला दोनदा होडीत नेलं. दोन्ही वेळा मी कडेवर ओणवा होऊन पोट रिकामं केलं. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या हातात जाळं विणायची सुई ठेवली आणि धाकट्याला उचलून होडीत बसवलं. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. तेव्हापासून तो पाण्यावर आणि मी पत्र्याखाली. मांडीवर जाळं आणि मांडीखाली एखादं पुस्तक, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. मी आयुष्यात कुणालाही काहीही शिकवलेलं नाही.

बहीण आम्हा दोघांच्या मधली. दोन भूशिरं ओलांडली की तिचं सासर लागतं. अक्षर अजून शाळेतल्यासारखं टपोरं. तिने लिहिलं होतं:

‘दादा, आमच्या इथे खडकावरचं पाणी बंद करायचं की नाही, यावर बैठक आहे. ऑफिसातली माणसं येऊन चित्रं दाखवून गेली. चित्रांवर कुणाचा विश्वास नाही. धाकट्याला विचारलं तर तो एकाचे दहा करून सांगेल. तू खोटं लिहीत नाहीस. मला तीनच गोष्टी सांग. तुमच्याकडे मासा परत आला का? येईपर्यंत किती दिवस उपाशी काढले? आणि या बंदीपायी भावाभावांत वाकडं आलं का? ह्यांची होडी आता इतकी लांब जाते की किनाऱ्यावर उभं राहिलं तर शीडही दिसत नाही. मी बैठकीत सांगितलंय, माझ्या दादाचं पत्र येईपर्यंत थांबा.’

मी पत्राची घडी घालून पुस्तकात ठेवली. तेवढ्यात मुलगी शेडमध्ये आली. अंगावर अजून ओले कपडे, डोळ्यांभोवती पाण्याखालच्या चष्म्याचे वळ.

“आत्याचं पत्र? काय म्हणते?”

“काही नाही. खुशाली.”

ही पहिली थाप. बाकीच्या हिच्या मागून आल्या.

गावासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, प्रवाळाचा खडक आहे. ओहोटीला त्याची पाठ उघडी पडते. आमच्या आज्याच्या वेळेपासून सगळं गाव त्याच्यावर जगलं. त्याच्यावर नांगर टाकले, चुन्यासाठी त्याचे तुकडे फोडून नेले आणि शेवटी जाळ्यात बोटभर लांबीची पिल्लं येऊ लागली. सहा वर्षांपूर्वी धाकट्याने पुढाकार घेतला. खडकाभोवती खुणेचे चार पिवळे, तरंगते बोये टाकायचे आणि त्यांच्या आत कुणीही जाळं, गळ, नांगर काही टाकायचं नाही. त्याला आम्ही ‘बंद पाणी’ म्हणू लागलो.

धाकट्याला गाव भोंगा म्हणतं. आवाजच तसा. बर्फाच्या कारखान्यासमोर उभा राहून तो त्या दिवशी जे बोलला, ते ऐकून म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ‘आपण समुद्राचं बियाणंच खात सुटलोय’ हे त्यातलं वाक्य. ‘चार बोयांच्या आत आपली नातवंडं राहतात’ हे दुसरं. अजून लोक ती बोलतात आणि मान हलवून म्हणतात, भोंग्याने काय बोलून ठेवलंय!

ती वाक्यं माझी होती. याच शेडमध्ये बसून चार पानं मी लिहून दिली होती. धाकट्याला वाचता येत नाही. त्याने माझ्याकडून सात वेळा वाचून घेतलं आणि आठव्या वेळी डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवलं. मी दिलं ते आपण होऊन दिलं. पण पुढची सहा वर्षं ती वाक्यं त्याच्या नावावर गावभर फिरली आणि मी खाली मान घालून गाठी मारत राहिलो.

तिसऱ्या वर्षी मोठं वादळ झालं. लाटा खडकावर आपटून मोडल्या आणि खालच्या आळीतली घरं राहिली. लोक म्हणाले, भोंग्याने वाचवलं. चुन्यासाठी खडक फोडणं त्याच्यामुळे थांबलं हे खरंच आहे. तरी खडकाने वाचवलं, असं म्हणायला एखाद्याचं काय जात होतं?

आमची घरं लागून आहेत. मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्या पलीकडे विद्यापीठातली पोरंपोरी यायची, धाकट्याच्या ओट्यावर बसून वहीत लिहून घ्यायची. तो गोष्टी सांगायचा, ती हसायची. इकडे मी भांड्यांचे आवाज ऐकत जेवायचो. आणि माझी मुलगी, माझी एकुलती एक, भिंतीच्या त्या बाजूला असायची. धाकट्याच्या होडीतून ती बंद पाण्यावर पहाऱ्याला जाई, बुडी मारून मासे मोजी आणि पाटीवर मांडून आणी. त्याचा तिला पगार होता. माझ्या घरातला पहिला महिन्याचा पगार, आणि तो धाकट्याने आणलेला.

“आज बत्तीस हेकरू,” पत्र आलं त्या संध्याकाळी ती जेवताना म्हणाली. हेकरू म्हणजे खडकाच्या बिळात राहणारा, रुंद तोंडाचा दांडगा मासा. “एक तर एवढा! काका म्हणाला, हा तुझ्या बापाच्या वयाचा असणार. बिळातून बाहेरच येत नाही.”

बायको हसली. मीही हसलो असेन. चष्मा काढून पुसला एवढं आठवतं.

“काका म्हणाला, काका म्हणाला,” मी म्हटलं. “काकाने जेवायलाही शिकवलं असेल.”

मुलीने घास तसाच धरला. “बाबा, गंमत होती ती.”

“हो का? मी बिळात असतो ना, ऐकू येत नाही.”

बायकोने माझ्या ताटात न मागता भाजी वाढली. ती गप्प बसली की असंच काहीतरी करते.

त्या मोसमात वारा उलटा लागला होता. पाच आठवडे होड्या अर्ध्या रिकाम्या येत होत्या. बर्फ वितळून वाया जायचा. अशा वेळी माणसं समोर दिसणाऱ्या गोष्टीवर राग काढतात. आमच्या समोर चार पिवळे बोये होते.

एका सकाळी डबल शेडमध्ये आला. त्याच्या होडीला दोन इंजिनं, म्हणून तो डबल. त्याने जाळ्याचा ढीग माझ्यापुढे टाकला आणि पायावर बसला.

“मास्तर, बघा काय दशा झाली. गेल्या महिन्यातच शिवलं होतं ना?”

“शिवलं होतं.”

“पूर्वी एवढं फाटायचं?”

मी विचार केला. पूर्वी महिन्याला दोन रिळं दोरा लागायचा. आता पाच लागत होती. तसं मी सांगितलं.

“हेच!” डबलने मांडीवर थाप मारली. “आम्हाला बोयांच्या बाहेर हाकललं. बाहेर तळाला नुसते दगड. जाळी दगडावर घासतात, फाटतात. मासा भोंग्याच्या कोंडवाड्यात आणि फाटकी जाळी आमच्या गळ्यात. तुम्ही हे लिहा, मास्तर. अर्ज करू. बोये काढा म्हणावं. सही आम्ही करतो, शब्द तेवढे तुमचे.”

“भाऊ आहे तो माझा.”

“म्हणून तर कुणी लिहिलं ते सांगायचं नाही. माझ्या तोंडाला कुलूप.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि खरं सांगू? त्या वेळी तो बोलला ना, ते त्याचं नव्हतंच. एवढी अक्कल त्याला कुठली? मला तेव्हाच कळलं होतं, ही मास्तरांची भाषा.”

सहा वर्षांत हे वाक्य मला कुणीच म्हटलं नव्हतं. त्याने ते मनापासून म्हटलं की काम काढायला म्हटलं, हे मी स्वतःला विचारलंही नाही.

अर्ज मी दोन दिवसांत लिहिला. इतकं बरं मी कधीच लिहिलं नव्हतं. प्रत्येक ओळ नेमकी बसत होती. दोऱ्याची गोष्ट मी मध्यभागी ठेवली: बंद पाण्याआधी दोन रिळं, नंतर पाच, जाळी सांगतात ती गोष्ट माणसं कशी नाकारतील? लिहिताना हात गरम झाले होते. बहिणीचं पत्र त्याच पुस्तकात, त्याच कागदांखाली होतं. त्याला उत्तर लिहायला मात्र मला चांगलं पेन सापडत नव्हतं.

अर्ज घरोघर फिरला. अंगठे उमटले, सह्या झाल्या. बैठक ठरली. धाकट्याने अर्ज कुणाकडून तरी वाचून घेतला असावा, कारण त्या संध्याकाळी तो भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला.

“दादा, ऐकलंस? बोये काढायचे म्हणतात.”

“ऐकलं.”

“कागद भारी लिहिलाय. शाळेतले सर असतील. आपल्याला नाही बुवा एवढं येत.” तो हसला, पण नेहमीसारखं नाही. “तू लिहून देशील का मला उलट उत्तर? मागच्यासारखं?”

“डोळे दुखतात हल्ली,” मी म्हटलं.

“मग राहू दे. डोळे सांभाळ.” आणि तो आत जाऊन कुठलंसं डोळ्यांचं औषध घेऊन आला. बाटली भिंतीवर ठेवली. मी ती रात्रभर तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तर ताटाखाली पोस्टकार्ड. बायकोने ते मुद्दाम तिथे ठेवलं होतं. बहिणीच्या दोनच ओळी: ‘दादा, बैठक दुसऱ्यांदा पुढे ढकलली. पाणवठ्यावर बायका विचारतात, भावाचं पत्र पोहत येतंय का?’

“वाचलंस तू?” मी बायकोला विचारलं.

“कार्ड उघडंच असतं. पहिल्या पत्राला उत्तर गेलं नाही?”

“लिहायचं आहे.”

“तुम्हाला? तुम्हाला लिहायचं राहिलंय?” ती खाली बसली. “मला विचारलं असतं तर मीच लिहिलं असतं. बंद झालं तेव्हा दोन वर्षं मी भाऊजींना शिव्या घातल्या. ओहोटीला सुरा घेऊन खडकावर जायचे, कालवं काढायचे, ते बंद झालं. हात रिकामे. मग त्यांनी बायकांसाठी तो कडेचा पट्टा सोडला, महिन्यातून चार दिवस. आता तासाभरात टोपली भरते. पूर्वी दिवसभर पाय कापून घेतले तरी तळ झाकायचा नाही. एवढं लिहायला डोळे कशाला लागतात?”

मी जेवत राहिलो.

“अर्ज मी पाहिला,” ती उठता उठता म्हणाली. “‘जाळी सांगतात ती गोष्ट.’ असं या गावात दुसरं कोण लिहितं?”

तिने मुलीला सांगितलं नाही, धाकट्याला सांगितलं नाही. नुसती ताटं उचलली.

बैठकीच्या आदल्या दिवशी डबलचं जाळं पुन्हा आलं. या वेळी ते जेलीफिशच्या बुळबुळीत घाणीने माखलेलं होतं. तसंच मांडीवर घेतलं असतं तर कातडी भाजून निघाली असती. मी नेहमी बसल्या जागी काम करतो. जाळ्याचा हातभर तुकडा मांडीवर ओढायचा, भोक सापडलं की बुजवायचं, पुढचा तुकडा ओढायचा. अख्खं जाळं मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. काम करताना डोळे चार फुटांपुढे जात नाहीत, आणि गरजही पडली नव्हती.

“हे धुवावं लागेल,” मुलगी म्हणाली. “आधी टांगू या.” आणि मी नको म्हणायच्या आत तिने भिंतीपलीकडे हाक मारली, “काका!”

धाकटा आला. दोघांनी मिळून जाळ्याची तरंगत्या बुचांची दोरी वर बांधली आणि शेडच्या सहाही खांबांना जाळं पडद्यासारखं टांगलं. खाली वजनाची, शिशाची दोरी लोंबत राहिली. समुद्रात ते जसं उभं असतं, अगदी तसं. मग नळी लावून पाणी मारलं. घाण ओघळली आणि मागून ऊन आलं.

“अरे बापरे,” धाकटा म्हणाला. “डबलच्या जाळ्याला उंदीर लागले की काय?”

मुलगी हसली. मी हसलो नाही. मी उठून उभा राहिलो होतो.

सगळी भोकं वर होती. छातीच्या उंचीला, डोक्याच्या उंचीला. गोल, ताटलीएवढी, कडेचा दोरा कात्रीने कापावा तसा ताडकन तुटलेला. आणि खाली, शिशाच्या दोरीशी, जिथे जाळं तळावर टेकतं, तिथे एकही नाही. तिथलं माझं जुनं शिवणकाम जसंच्या तसं होतं.

दगडाने फाटलेलं जाळं खाली फाटतं. लांब चीर पडते, दोरा आधी विरतो, केस निघाल्यासारखा होतो. हे मला कुणी सांगायला नको, पन्नास वर्षं हेच केलंय. दगड काही पाण्यात अधांतरी तरंगत नाहीत. ही भोकं मोठ्या माशाची होती. हेकरूसारखा दांडगा मासा जाळ्यात घुसतो, अंग फिरवतो आणि जाळ्याची घरं, म्हणजे विणीतले चौकोन, तोडून निघून जातो. डबलच्या जाळ्यातून असे किती निघून गेले असतील! आणि डबल जाळं कुठे लावतो? बोयांच्या अगदी बाहेर, दोन हातांवर. आत वाढलेला मासा बाहेर पडतो ती वाट त्याने बरोबर हेरली होती.

मी जवळ जाऊन एका भोकातून हात घातला. दंडापर्यंत गेला.

मांडीवर मला हे दिसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते अर्धंच खरं होतं. बोटांना तुटलेल्या दोऱ्याची टोकं कळत होतीच. विरलेलं टोक मऊ लागतं, तुटलेलं टोचतं. तीनचार वर्षं ती मला टोचत होती. मी रिळं मोजली आणि टोकं मोजली नाहीत, कारण टोकं धाकट्याच्या बाजूने बोलत होती.

“काय झालं, बाबा?” मुलीने विचारलं.

“काही नाही. उतरवू नका. वाळू दे.”

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी, बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात. जमिनीवरून गार वाफ येत होती, माणसं पाय पोटाशी घेऊन बसली होती. डबलने अर्ज पुढे केला.

“वाचायचा कुणी?” कुणीतरी म्हणालं.

“मास्तर वाचतील,” डबल म्हणाला आणि माझ्याकडे बघून बारीक हसला. “वाचणारा घरचा असला की बरं.”

मी वाचला. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, म्हणून मागचे पुढे सरकले. वाचताना मला ती वाक्यं अजून आवडत होती, हे सांगितलं पाहिजे. दोऱ्याचा भाग आला तेव्हा माना हलल्या. संपल्यावर सगळे धाकट्याकडे बघत होते.

तो उभा राहिला. मला वाटलं, आता भोंगा वाजणार. पण तो हळू बोलला.

“कागदाला कागदाने उत्तर द्यायला मला येत नाही. मासा परत आलाय असं मी म्हणेन, तर डबल म्हणेल, तुझ्याच कोंडवाड्यात आलाय. पण हे दोऱ्याचं खरं असेल तर मी चुकलो. आणि दोऱ्याचं या गावात एकाच माणसाला कळतं.” तो माझ्याकडे वळला. “दादा, दोन रिळांची पाच झाली, हे खरं का?”

“खरं.”

“दगडामुळे?”

मी अर्जाचे कागद एकमेकांवर नीट जुळवले.

“तू हो म्हण. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. तू हो म्हणालास तर उद्या सकाळी मी स्वतः बोये उपसून आणतो.”

चाळीस माणसं, मुलगी, बायको, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्या हातात ते दोन सुंदर कागद होते. एक ‘हो’ म्हटलं की झालं. धाकटा उद्यापासून साधा माणूस होईल. त्याच्या ओट्यावर कुणी वही घेऊन येणार नाही. हे मी त्या क्षणीही मनात म्हटलं.

“शेडमध्ये चला,” मी म्हटलं. “जाळं टांगलंय. तिथे सांगतो.”

“आता हे काय नवीन?” डबल म्हणाला.

पण लोक उठले. शेड पन्नास पावलांवर. जाळं वाळून कडक झालं होतं. मी एक भोक दाखवलं, मग दुसरं, मग शिशाच्या दोरीशी बसून खालची शाबूत घरं दाखवली. मला भाषण येत नाही. “दगड खाली असतो,” मी म्हटलं. “भोकं वर आहेत.” एवढंच दोनतीनदा म्हणालो. पण ती सगळी जाळ्यांची माणसं होती. एक म्हातारा पुढे आला, त्याने एका भोकात हात घातला, तुटक्या टोकावर अंगठा फिरवला आणि शीळ घातली.

“हेकरू,” तो म्हणाला. “आठ किलोच्या आतला नाही. डबल, लेका, पातळ जाळं लावून कसला रडतोस? जाड घे!”

हशा पिकला. डबल लाल झाला. “मग अर्जात दगड कुणी घातले? मी घातले काय? विचारा की, लिहिलं कुणी!”

हशा थांबला.

“मी लिहिलं,” मी म्हटलं.

“मास्तर नापास!” मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हसले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. धाकटा हसत नव्हता. तो जाळ्याच्या पलीकडे उभा होता. भोकांतून मला त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

“तू?” तो म्हणाला. आणि एवढंच.

हात वर झाले, मोजले गेले. बोये राहिले. डबल जाताना म्हणाला, “निदान भोकं तरी बुजवून द्या.” ती मी त्याच आठवड्यात बुजवली, जाड दोऱ्याने.

धाकटा माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही. मुलगी बोलायची, पण मोजून. “मीठ.” “दार लावा.” काका काय म्हणाला, हे ती आता सांगत नव्हती, आणि नवल म्हणजे मी तेच ऐकायला कान लावून बसायचो. बायको मात्र नेहमीसारखी होती. तिला काही नवीन कळलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून झालं. दुसऱ्याशी अडलो. सकाळची वेळ होती, धाकटा भिंतीपलीकडे इंजिनाला तेल देत होता.

“एक विचारायचं होतं,” मी म्हटलं. “बहिणीला लिहितोय. बंद केल्यावर उपाशी किती दिवस काढले, असं विचारते.”

त्याने मान वर केली नाही. तेलाचा थेंब पडला, तो त्याने बोटाने पुसला.

“एकशे बारा.”

“एवढे? आमच्याकडे तर...”

“तुझ्याकडे चूल पेटायची. दुसऱ्या गावांची जाळी यायची तुझ्याकडे शिवायला. मी खडक सोडल्यावर माझ्याकडे काय होतं? आमची ही सकाळी तुमच्या धुराड्याकडे बघत बसायची. मी तिला म्हणायचो, आत ये.” त्याने बोट फडक्याला पुसलं. “एकशे बारा दिवस अर्धपोटी. त्यातले अकरा दिवस काहीच नाही. पोरांना तुझ्या बायकोने बोलावून जेवू घातलं असेल एकदोनदा. तुला माहीत नसेल.”

मला माहीत नव्हतं. भिंत कमरेएवढी आहे.

“मागायचं होतंस,” मी म्हटलं.

“तू दिलं असतंस.”

“मग?”

“म्हणूनच नाही मागितलं. भाषण तुझं, अन्न पण तुझं, मग माझं काय राहिलं असतं?”

सहा वर्षं भिंतीच्या फक्त याच बाजूला कुणीतरी जळत बसलंय असा माझा समज होता.

त्याने इंजिनाचं झाकण बसवलं. “लिही तिला. एकशे बारा लिही. कमी करू नकोस.”

तो आत गेला. आमच्यात यापेक्षा जास्त त्या दिवशी काही झालं नाही, आणि नंतरही फारसं नाही. हल्ली तो भिंतीवर कोपर टेकतो, पण काही लिहून देऊ का म्हटलं तर नको म्हणतो.

पत्र मी एकदाच लिहिलं, खाडाखोड तशीच ठेवून.

‘मासा परत आला आहे. मी पाहिला नाही, मला पाण्यात जाता येत नाही. पण ताटलीएवढी भोकं पाडून तो जातो, ती मी रोज बुजवतो. दोन वर्षं काहीच दिसलं नाही, तिसऱ्यापासून दिसू लागलं. बायकांना कडेचा पट्टा पहिल्या दिवसापासून सोडा, नाहीतर त्यांचे हाल होतील. तुझ्या वहिनीचे झाले. खडक फोडणं थांबवा, वादळात उपयोगी पडतो. उपाशी दिवस: धाकट्याच्या घरी एकशे बारा. माझ्या घरी एकही नाही. हे ज्याच्या घरी जास्त होतील त्याला बाकीच्यांनी न विचारताच जेवण नेऊन द्यावं, तो मागणार नाही. भावाभावांत वाकडं आलं. ते बंदीने आणलं नाही, मी आणलं. मला त्याचा हेवा वाटतो, अजून वाटतो. पण पाणी बंद करा. ही कल्पना धाकट्याची. शब्द माझे होते.’

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, यात सकाळ गेली. ठेवलं.

पोस्ट धक्क्याजवळ आहे, तांबड्या दाराची एक खोली. खिडकीतल्या बाईने पाकीट हातावर तोललं, तिकीट लावलं, शिक्का उचलला.

“आजच जाईल ना?” मी विचारलं.

“दुपारच्या गाडीने. परवा पोहोचेल.”

बाहेर धक्क्यावर धाकट्याची होडी लागत होती. माझी मुलगी पुढच्या टोकावर उभी होती. तो काहीतरी म्हणाला आणि दोर पकडायला आलेली सगळी माणसं एकदम हसली. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मला त्याचा हेवा वाटला, अगदी नेहमीएवढा. खिडकीत शिक्का पडला आणि बाईने माझं पत्र पिशवीत टाकलं.